घरच्या सर्व्हरमधली डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहील अशी मांडणी

हार्ड डिस्क ही झिजणारी वस्तू आहे. आज ना उद्या ती बंद पडते, आणि पुष्कळदा आधी काही न सांगता. म्हणून घरच्या सर्व्हरमध्ये डिस्क अशा जोडायच्या की त्यांतली एक मेली तरी फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ उघडत राहावेत आणि नवी डिस्क बसवली की सगळं पूर्ववत व्हावं. डिस्कची तपासणी सोडली तर ही मांडणी उभी करायला एक दुपार पुरते. अवघड असतो तो डिस्क खरोखर जाते तो दिवस. कोणती गेली ते कळत नाही, घाईत चांगलीच डिस्क उपटली जाते, नको ती कमांड दिली जाते. एका डिस्कच्या मरणाने डेटा गेला असं क्वचितच होतं. डेटा जातो तो त्यानंतरच्या तासाभरातल्या चुकीने. त्यामुळे इथला प्रत्येक निर्णय त्या दिवसाकडे बघून घेतला आहे.

डिस्कच्या अशा जोडणीला रेड म्हणतात. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. वीज कडाडून पॉवर सप्लाय जळाला तर तो सगळ्या डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो. रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. बाकी सगळ्यासाठी वेगळी प्रत लागतेच.

उदाहरण म्हणून ४ टीबीच्या चार डिस्क, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइलसिस्टिम) धरलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत (मोठं लागेल तिथे तसं सांगितलं आहे) आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

रचना कोणती

दोन डिस्क असतील तर प्रश्नच नाही: मिरर. दोन्हींवर तीच प्रत, जागा एका डिस्कएवढी.

चार डिस्क असल्या की दोन वाटा फुटतात. मिररच्या दोन जोड्या किंवा रेड-झेड२, म्हणजे दोन डिस्कएवढी पॅरिटी (गेलेला मजकूर पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेला जादा हिशेब). वापरायला जागा दोन्हींत सारखीच, १६ पैकी ८ टीबी. फरक दुसरी डिस्क जाते तेव्हा दिसतो. जोड्यांमध्ये एक डिस्क गेली की उरलेल्या तिघींपैकी एक तिची जोडीदार असते. तीच गेली तर सगळा पूल, म्हणजे या डिस्क मिळून झालेली साठवण, संपला. रेड-झेड२ मध्ये कोणत्याही दोन गेल्या तरी चालतं. जोड्या वेगवान असतात हे खरं, पण घरच्या १ गिगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच डेटा जातो. तेवढा वेग रेड-झेड२ सहज देतं. शिवाय घरी बदलीची डिस्क हाती यायला कित्येकदा काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत आणखी एका डिस्कच्या मरणाची सोय असणं मोलाचं आहे. चार डिस्कसाठी आमची पसंती स्पष्टपणे रेड-झेड२ ला.

एकाच डिस्कची पॅरिटी, म्हणजे रेड ५ किंवा रेड-झेड१, मोठ्या डिस्कवर टाळा. एक डिस्क गेली की नवीवर मजकूर परत उभा करताना उरलेल्या सगळ्या डिस्क सलग वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या बिटचं प्रमाण बहुधा १० चा १४ वा घात इतक्या बिटमागे जास्तीत जास्त एक असं दिलेलं असतं. ते साडेबारा टीबी वाचनामागे एक असं होतं. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात. तरी नेमक्या त्याच वेळी वाचताना अडखळली तर सावरायला दुसरी पॅरिटी नसते.

बीटीआरएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम वापरायची असेल तर त्याचा मिरर चांगला आहे, पण त्याच्या रेड ५ आणि ६ वर भरवसा ठेवू नका. त्याचे निर्मातेच तसं बजावतात. मदरबोर्डच्या बायोसमधली रेडची सोयही बंदच ठेवा. बोर्ड गेला की डिस्क दुसऱ्या मशीनवर नीट वाचता येईल याची खात्री राहत नाही.

सामान

डिस्क घेताना माहितीपत्रकात 'सीएमआर' लिहिलंय का ते बघा, 'एसएमआर' नको. एसएमआर प्रकारात चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. पण नवी डिस्क भरताना तासन्‌तास सलग लेखन चालतं, तेव्हा डिस्कचा आतला राखीव भाग भरतो, वेग कोसळतो, आणि कंट्रोलर वैतागून डिस्कला बाहेर काढतो. २०२० साली असं उघड झालं की खास नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर होत्या आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. म्हणून नावावर जाऊ नका, नेमका मॉडेल क्रमांक तपासा.

चारही डिस्क एकाच खेपेतल्या नकोत. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच खोक्यात आपटलेल्या डिस्क एकाच सुमारास जाण्याचा धोका असतो. दोन वेगळ्या ठिकाणांहून किंवा दोन कंपन्यांच्या घ्या. आणि चार लागत असतील तर पाच घ्या. पाचवी तपासून कपाटात ठेवायची. ती का, हे शेवटी येणाऱ्या तालमीच्या वेळी कळेल.

पोर्ट मदरबोर्डवरचे सॅटाच वापरा. कमी पडले तर एलएसआय ९२११-८आय सारखं कार्ड, आयटी मोडच्या फर्मवेअरवर, म्हणजे कार्ड स्वतः रेड न करता डिस्क जशाच्या तशा दाखवतं. एका पोर्टचे पाच करणारे स्वस्त मल्टिप्लायर आणि यूएसबीची खोकी या कामासाठी नकोत. एक डिस्क अडली की सगळ्यांचा संपर्क एकदम तुटतो, आणि कित्येक खोकी डिस्कचा खरा सिरियल नंबरही दडवतात.

पॉवर सप्लायचा हिशेब सुरू होण्याच्या क्षणावर करा. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. चार डिस्कचं ते १०० वॅटच्या जवळ जातं, प्रोसेसर वेगळा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीवरून) सॅटा वीज देणारी जोडणी घ्यावी लागली तर साच्यात ओतलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकची घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून आग लागल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तीच घ्या. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली डिस्क फिरतच नसेल तर ती मेली आहे असं समजू नका. कित्येक नव्या डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतात.

ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या लहान एसएसडीवर ठेवा, पूलमध्ये नको. रॅम ८ जीबी पुरते. दर टीबीमागे १ जीबी हा ठोकताळा घरासाठी गरजेचा नाही. खरी रॅम खातं ते डीडुप्लिकेशन (सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवणं), ते चालूच करू नका. ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम बोर्डाला चालत असेल तर जरूर घ्या, नसेल तर त्यापायी काम अडवून ठेवू नका.

नव्या डिस्कची परीक्षा

नवी डिस्क आली की थेट पूलमध्ये घालायचा मोह होतो. थांबा. सदोष डिस्क बहुधा पहिल्या काही आठवड्यांत जातात, आणि ते आठवडे रिकाम्या डिस्कवर घालवलेले बरे.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते; आधी 'स्मार्टसीटीएल -ए' कमांडने ते आकडे टिपून घ्या. यातला ए मोठा, म्हणजे कॅपिटल. मग 'बॅडब्लॉक्स' चालवा: पुढे '-डब्ल्यूएसव्ही', मग '-बी ४०९६', शेवटी डिस्कचा पत्ता. ही कमांड डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा पत्ता दोनदा वाचा. ती चार वेगवेगळे नमुने लिहिते आणि प्रत्येक परत वाचून बघते, म्हणजे डिस्कवरून एकूण आठ फेऱ्या. ४ टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला १५० एमबी धरली तर एका फेरीला साडेसात तास, आठ फेऱ्यांना अडीच दिवस. पाचही डिस्क एकाच वेळी लावता येतात. 'टीमक्स'मध्ये चालवा, नाहीतर लॅपटॉप मिटला की तपासणीही मिटते. १८ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कवर ४०९६ ऐवजी ८१९२ द्या, कारण या प्रोग्रामला त्यापुढचे ब्लॉक मोजता येत नाहीत.

नंतर 'स्मार्टसीटीएल -टी लाँग' देऊन डिस्कची स्वतःची लांब चाचणी घ्या आणि पुन्हा आकडे बघा. खराब सेक्टरांच्या क्रमांक ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींत शेवटचा आकडा शून्य हवा. नव्या डिस्कवर यांतला एकही शून्याच्या वर गेला तर डिस्क परत करा, 'दोनच तर सेक्टर' असं म्हणू नका. तपासणी चालू असताना तापमानही बघत राहा. ४५ अंशांच्या वर जात असेल तर डिस्कसमोर पंखा हवा.

याच बैठकीत आणखी एक काम उरका: 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी'. डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न किती वेळ करणार ते ही कमांड सांगते. नॅसच्या डिस्कवर ७० दिसतं, म्हणजे ७ सेकंद. साध्या डिस्कवर ही सोय बंद असते आणि डिस्क मिनिट-दोन मिनिटं एकाच सेक्टरशी झटत बसते. लिनक्स मात्र ३० सेकंदांत धीर सोडून डिस्कचा दुवा रीसेट करतो, आणि एका सेक्टरसाठी अख्खी डिस्क रचनेतून बाद होऊ शकते. उपाय असा: डिस्क ऐकत असेल तर त्याच कमांडमध्ये '७०,७०' जोडून वेळ ठरवा; ऐकत नसेल तर '/सिस/ब्लॉक/' खालच्या त्या डिस्कच्या 'डिव्हाइस/टाइमआउट' फाइलमध्ये १८० लिहा. टाइमआउट दर बूटला मूळपदावर येतो, आणि वीज गेली की डिस्कमधली वेळही पुष्कळदा विसरली जाते. म्हणून दोन्ही बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

नाव-क्रमांक

'एसडीए', 'एसडीबी' ही नावं कायमची नसतात. केबलची जागा बदलली, एखादी डिस्क उशिरा जागी झाली की आजची 'एसडीबी' उद्या 'एसडीसी' होते. पूल बनवताना '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/' मधली नावं वापरा. तिथे प्रत्येक डिस्कची दोन-तीन नावं दिसतील. 'एटीए-' ने सुरू होणारं घ्या, कारण त्याच्या शेपटाला सिरियल नंबर असतो आणि तोच डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो.

आता डिस्क खोक्यात बसवण्याआधी प्रत्येकीच्या बाहेरून दिसणाऱ्या कडेवर सिरियल नंबरचे शेवटचे चार वर्ण मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. लेबल डिस्कच्या पाठीवर असतं आणि बसवल्यावर दिसत नाही. सॅटा केबलच्या दोन्ही टोकांनाही तेच लिहा. मग एका कागदावर वरून खाली कप्पे काढा आणि प्रत्येक कप्प्यात पूर्ण सिरियल नंबर, मॉडेल, बसवल्याची तारीख लिहून तो कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. वीस मिनिटांचं हे काम अख्ख्या मांडणीतलं सगळ्यात मोलाचं आहे.

पूल

डेबियनमध्ये आधी 'कॉन्ट्रिब' विभाग चालू करा, मग तीन पॅकेज बसवा: लिनक्स-हेडर्स-एएमडी६४, झेडएफएस-डीकेएमएस, झेडएफएसयुटिल्स-लिनक्स. हेडर्स विसरू नका. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की झेडएफएसचं मॉड्यूल नव्याने घडवावं लागतं. हेडर्स नसले तर ते घडत नाही, आणि रीबूटनंतर पूल गायब झाल्यासारखा दिसतो. डेटा जागेवरच असतो, पण घाबरून लोक तिथे नवा पूल बनवतात. कर्नल अपडेट झाल्यावर रीबूटच्या आधी 'डीकेएमएस स्टेटस' बघायची सवय लावा.

पूल बनवायची कमांड लांब आहे, तुकड्यातुकड्यांनी लिहा. सुरुवात 'झेडपूल क्रिएट'. मग पूलचे गुणधर्म, प्रत्येकाच्या आधी लहान '-ओ': 'ॲशिफ्ट=१२' आणि 'ऑटोएक्सपांड=ऑन'. मग फाइलसिस्टिमचे गुणधर्म, प्रत्येकाच्या आधी मोठा '-ओ': 'कॉम्प्रेशन=एलझेड४', 'एटाइम=ऑफ', 'एक्सॲटर=एसए', 'एसीएलटाइप=पॉझिक्सएसीएल'. मग पूलचं नाव, समजा 'टँक'. मग रचनेचा शब्द, 'रेडझेड२'. शेवटी चार डिस्कचे पूर्ण पत्ते. 'क्रिएट' नंतर '-एन' घातलं तर काहीही न लिहिता नुसता आराखडा दिसतो. तो आधी बघा. 'रेडझेड२' या नावाखाली चार डिस्क आत सरकलेल्या दिसल्या पाहिजेत.

ॲशिफ्ट हाताने देण्याचं कारण: आजच्या डिस्कचे सेक्टर प्रत्यक्षात ४०९६ बाइटचे असतात, पण जुन्या सिस्टिमसाठी कित्येक डिस्क ५१२ सांगतात. झेडएफएसने त्यावर विश्वास ठेवला तर लेखन कायमचं मंद होतं, आणि हा आकडा नंतर बदलता येत नाही. २ चा १२ वा घात म्हणजे ४०९६, म्हणून १२.

जागा ८ टीबी अपेक्षित असताना ७ च्या थोडा वर आकडा दिसेल. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या. काही हरवलेलं नाही. त्यातली शेवटची वीस टक्के जागा मोकळी राहू द्या, भरत आलेला पूल मंदावतो.

सगळं 'टँक'च्या मुळाशी ओतू नका. 'झेडएफएस क्रिएट टँक/फोटो', 'टँक/कागदपत्रं', 'टँक/व्हिडिओ' असे वेगळे डेटासेट करा (नावं अर्थातच रोमनमध्ये). व्हिडिओसाठी 'रेकॉर्डसाइज=१एम' ठेवा. वेगळे डेटासेट असले की स्नॅपशॉट (त्या क्षणीचं गोठवलेलं चित्र) आणि बॅकअप प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे ठरवता येतात.

आता एक धोक्याची जागा. पूल वाढवण्याच्या दोन कमांड आहेत, 'झेडपूल ॲड' आणि 'झेडपूल अटॅच', आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'झेडपूल ॲड टँक' पुढे एकच डिस्क दिली तर ती रेड-झेड२ मध्ये मिसळत नाही. तिच्या शेजारी एकटी, विनासंरक्षण बसते. ती एक गेली की पूर्ण पूल गेला. आणि पूलमध्ये रेड-झेड असताना ती परत काढताही येत नाही. कमांड आधी रचना जुळत नसल्याची तक्रार करते आणि '-एफ' सुचवते. तिथे '-एफ' देऊ नका, ती तक्रार वाचा. खरोखर पाचवी डिस्क सामावून घ्यायची असेल तर 'झेडपूल अटॅच टँक रेडझेड२-०' (शेवटचं नाव 'झेडपूल स्टेटस' मध्ये दिसतं तसं) आणि नव्या डिस्कचा पत्ता. ही सोय जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून आहे. डेबियन १२ मध्ये त्याआधीची आवृत्ती आहे, १३ मध्ये ही आहे.

दोनच डिस्क आणि साधी गरज

झेडएफएस नको असेल तर लिनक्समधलं 'एमडीएडीएम' आणि एक्स्ट४ ही जोडी जुनी आणि भरवशाची आहे. एक उणीव मात्र समजून घ्या: दोन प्रतींत फरक आढळला तर खरी कोणती हे त्याला कळत नाही, कारण त्याच्याकडे चेकसम (मजकूर तपासायचा आकडा) नाही. झेडएफएस खराब प्रत ओळखून चांगलीवरून दुरुस्त करतं.

दोन्ही डिस्कवर जीपीटी (पार्टिशनची यादी) आणि एकेक पार्टिशन करा, शेवटी १०० एमबी जागा सोडून. पुढे बदलीला आलेली ४ टीबीची डिस्क काही सेक्टरनी लहान निघाली तरी मावते. पार्टिशन न करता अख्खी डिस्क दिली तर काही मदरबोर्ड 'जीपीटी बिघडलंय' असं समजून परस्पर दुरुस्ती करतात आणि रेडची नोंदच पुसतात. मग 'एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हाइसेस=२ --बिटमॅप=इंटर्नल' आणि दोन पार्टिशन. बिटमॅपमुळे वीज अचानक गेली तरी पूर्ण डिस्क न जुळवता तेवढाच भाग जुळवला जातो. प्रगती '/प्रॉक/एमडीस्टॅट' मध्ये दिसते, तोवर वापर चालू ठेवता येतो.

'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन' चं उत्तर '/ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ' च्या शेवटी जोडा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. हे राहिलं तर पुढच्या बूटला 'एमडी०' च्या जागी 'एमडी१२७' उगवतं. एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याच्या यादीत) यूयूआयडी (फाइलसिस्टिमची कायमची ओळख) आणि 'नोफेल' लिहा. आणि माउंट करायच्या रिकाम्या फोल्डरवर, माउंट नसताना, 'चॅटर +आय' द्या. नाहीतर एखाद्या दिवशी रेड माउंट झालं नाही की रात्रीचा सगळा मजकूर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, सिस्टिमच्या एसएसडीवर जाऊन ती भरून टाकतो.

बिघाडाच्या वेळी 'एमडीएडीएम' ला जुन्या डिस्कवर '--क्रिएट' कधीही देऊ नका, '--असेंबल' द्या. '--क्रिएट' जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहितं आणि परतीची वाट बंद करू शकतं.

हाक कोण मारणार

सगळ्यात वाईट प्रकार बघा: पहिली डिस्क गेली, पूल चालूच राहिला, कुणाला कळलंच नाही. पुढे दुसरी गेली. मग तिसरी.

सर्व्हरवरून मेल बाहेर जाण्याची सोय आधी करा; 'एमएसएमटीपी' आणि 'एमएसएमटीपी-एमटीए', शिवाय 'मेल' ही कमांड देणारं 'बीएसडी-मेलएक्स'. '/ईटीसी/झेडएफएस/झेड.डी/झेड.आरसी' मध्ये 'झेड_ईमेल_ॲड्रेस' ची ओळ उघडी करून पत्ता लिहा (या नावांतलं सुटं 'झेड' म्हणजे झेड-ई-डी ही तीन अक्षरं, आणि ॲड्रेसचं 'एडीडीआर' असं लघुरूप आहे) आणि 'झेड_नोटिफाय_व्हर्बोज=१' करा, म्हणजे स्क्रब (त्याबद्दल खाली) विनातक्रार संपल्याचाही मेल येतो. '/ईटीसी/स्मार्टडी.कॉन्फ' मधल्या 'डिव्हाइसस्कॅन' ओळीत तुमचा पत्ता आणि एकदा '-एम टेस्ट' घाला. सेवा पुन्हा सुरू करताच चाचणीचा मेल यायला हवा. यात पत्त्याआधीचा एम लहान आणि टेस्टआधीचा मोठा. जोडीला दर रविवारी सकाळी 'झेडपूल स्टेटस -एक्स' चं उत्तर मेल करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीची) ओळ. सगळं ठीक असतानाही हा मेल येतो, त्यामुळे एखाद्या रविवारी तो आला नाही तर खबर देणारी यंत्रणाच बंद पडली आहे हे कळतं.

स्क्रब म्हणजे सगळा मजकूर वाचून चेकसमशी ताडून बघणं. डेबियनचं पॅकेज तो दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्वतःहून सुरू करतं. ज्या फाइल वर्षभर कुणी उघडल्या नाहीत त्यांच्यातली सड एरवी नेमकी डिस्क बदलतानाच उघडी पडली असती.

मेल आला की आकडे असे वाचा. 'झेडपूल स्टेटस' मध्ये एकाच डिस्कपुढे 'रीड' किंवा 'राइट' वाढतंय आणि स्मार्टचे १९७, १९८ ही वाढताहेत: डिस्क चालली. 'सीकेसम' वाढतंय, पण स्मार्टमध्ये १९९ क्रमांक चढतोय: केबल किंवा तिची खाच. केबल बदला, 'झेडपूल क्लिअर' द्या. १९९ चा आकडा कधी शून्यावर येत नाही, तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं. तीन-चार डिस्कवर एकदम 'सीकेसम' दिसलं तर डिस्कना दोष देऊ नका. पॉवर सप्लाय, कंट्रोलर किंवा रॅम बघा.

वेगळ्या प्रतीसाठी स्नॅपशॉट घेऊन ते 'झेडएफएस सेंड' ने दुसऱ्या मशीनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर पाठवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम आजही पाळण्यासारखा आहे.

रंगीत तालीम

पूल खऱ्या मजकुराने भरण्याआधी हे करा. मूळ प्रत दुसरीकडे असलेल्या २००-३०० जीबी फाइल त्यावर टाका. 'एसएचए२५६सम' ने त्यांच्या चेकसमची यादी करून एसएसडीवर ठेवा.

सर्व्हर बंद करा. तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कची केबल काढा. चालू करा. 'झेडपूल स्टेटस' मध्ये पूल 'डिग्रेडेड' दिसेल, आणि त्या डिस्कच्या जागी एक लांबलचक आकडा, पुढे 'वॉज' आणि जुना पत्ता. हे चित्र नीट बघून घ्या, खऱ्या दिवशी हेच दिसणार आहे. फाइल उघडून बघा, एक-दोन नव्या लिहा.

आता कोणती डिस्क काढायची ते ठरवा, पण केबल आपणच काढली आहे हे विसरून. जिवंत तीन डिस्कचे सिरियल नंबर स्क्रीनवरून वाचा आणि दाराच्या कागदावर एकेकापुढे खूण करा. खूण न झालेला कप्पा तो मेलेला. मेलेली डिस्क शोधण्यापेक्षा जिवंत वगळत जाणं जास्त सुरक्षित, कारण मेलेली कित्येकदा आपलं नावही सांगत नाही.

सर्व्हर बंद करून तीच काढा आणि कपाटातली पाचवी डिस्क तिथे बसवा. चालू करून 'झेडपूल रिप्लेस टँक', मग तो लांब आकडा, मग नव्या डिस्कचा पूर्ण पत्ता. रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर मजकूर परत उभा करणं, सुरू होईल. झेडएफएस फक्त भरलेली जागा उभी करतं, त्यामुळे एवढ्या मजकुराला तास-दोन तास लागावेत. पूल भरला की यालाच दिवस लागू शकतो. त्या काळात उरलेल्या डिस्कवर ताण असतो, म्हणून मोठ्या कॉपी आणि व्हिडिओ रूपांतर थांबवून ठेवा. संपल्यावर 'झेडपूल स्क्रब टँक', आणि तो शून्य चुकांनी संपला की 'एसएचए२५६सम -सी' ने यादी पडताळा. प्रत्येक ओळीपुढे 'ओके' यायला हवं.

खऱ्या बिघाडाच्या दिवशी याच्या आधी दोन गोष्टी वाढतात. बॅकअप ताजा आहे का ते बघायचं, नसेल तर आधी तो घ्यायचा. आणि केबल एकदा बदलून बघायची.

तालमीत काढलेली डिस्क चांगलीच आहे, ती आता बदलीची म्हणून कपाटात जाईल. पण तिच्यावर जुन्या पूलची नोंद शिल्लक असते आणि पुढे 'रिप्लेस' करताना ती आडवी येते. म्हणून ती एकदा जोडून 'झेडपूल लेबलक्लिअर -एफ' द्या. त्यापुढे तिच्या पत्त्याला '-पार्ट१' जोडायचं, आणि एंटर दाबण्याआधी सिरियल नंबर कागदाशी ताडायचा. मग तिसऱ्या कप्प्यासमोरचा जुना क्रमांक खोडून नवा लिहा, नव्या डिस्कच्या कडेवर आणि केबलवर नवी चिठ्ठी चिकटवा, आजची तारीख घाला, आणि कॅबिनेट बंद करा.